मुदत संपलेलं डोमेन दलालाच्या घशात का?



माळशेजच्या रस्त्यावर आमच्यातल्या एकाच्या कृषी पर्यटन केंद्राची पाटी अजून उभी आहे. तिच्यावरचा वेबसाइटचा पत्ता मोबाइलवर टाकून बघा. रमीची जाहिरात उघडते आणि खाली इंग्रजीत ओळ येते : हे डोमेन विकणे आहे. वर्षाला हजारभर रुपयांत चालणारं नाव, भाव विचारला तर लाखाच्या वर!

‘पैसे भरायला विसरलात, आता भोगा,’ असं सांगणारे शहाणे गावोगाव आहेत. डिसेंबर 1999 मध्ये मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचे 35 डॉलर भरायला विसरली. त्याच पत्त्यावरून लॉगिन होणारं हॉटमेल अडलं, आणि एका भल्या प्रोग्रॅमरने ते पैसे स्वतःच्या खिशातून भरले. एवढी बलाढ्य कंपनी विसरते, तर आवणीत गुंतलेला माणूस विसरणारच. आमची तक्रार त्यापुढच्या लुटीची आहे.

कागदावर नियम सरळ दिसतो. डॉट कॉमचं नाव मुदतीनंतर 45 दिवसांपर्यंत रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, राहतं, मग 30 दिवस जादा आकार भरून सोडवता येतं, मग आणखी 5 दिवस, आणि मग मोकळं. जो आधी मागेल त्याचं. पण मोकळं होतंय कुठे? चांगली नावं त्याआधीच रजिस्ट्रार लिलावात काढतात. राखण करणाराच विक्रेता! त्यातून सुटलेल्या नावांवर टपलेल्या कंपन्यांनी रजिस्ट्रारचे शेकडो परवाने घेऊन ठेवलेत. एकेका परवान्याची फी वर्षाला 4,000 डॉलर. जितके परवाने, तितक्या मागण्या एका सेकंदात घुसवता येतात. तुम्ही आम्ही टाइप करेपर्यंत खेळ खलास.

ग्रामपंचायतीला वाळलेलं झाड विकायचं झालं तरी नोटीस लावावी लागते. इथे सूचना ई-मेलने, करारनाम्याच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत. तो ई-मेलही बहुधा वेबसाइट बनवून देणाऱ्या पोराचा, आणि तो नंबर बदलून कधीच पसार झालेला.

डॉट कॉमचे नियम अमेरिकेत ठरतात, तिथे आपलं कोण ऐकतो? पण डॉट इन आणि डॉट भारत ‘निक्सी’कडे आहेत, आणि ती केंद्र सरकारच्या अखत्यारीतली संस्था आहे. 27 ऑगस्ट 2014 ला देवनागरी डॉट भारत थाटात सुरू झालं, मराठीसकट. मग मुदतीची सूचनाही मराठीत, मालकाच्या मोबाइलवर आली पाहिजे! रजिस्ट्रारने मुदत संपलेलं नाव लिलावात काढायला बंदी घाला. सुटणाऱ्या नावांची यादी आधी जाहीर करा, एका नावाला चार मागण्या आल्या तर चिठ्ठ्या टाका. ट्रेडमार्क असेल तर दाद मागा, हे उत्तर आम्हाला नको. खानावळीकडे आणि बचत गटाकडे ट्रेडमार्क कुठून येणार?

तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ई-मेलवर आहे, ते आजच बघून घ्या. निवेदन मागच्या बाजूला छापलं आहे. सही करून पत्रक वाटणाऱ्याकडेच परत द्या.

— टोकावडे, वैशाखरे, मोरोशी, सरळगाव परिसरातील छोटे व्यावसायिक