हेडफोन, कान आणि मी

गेल्या दिवाळीला चिरंजीवांनी पुण्याहून एक खोकं पाठवलं. आत हेडफोन होता. खोकं इतकं देखणं की सौ.ने ते लगेच कपाटात नेऊन त्यात विजेची बिलं ठेवली. किंमत विचारली तर "तुम्हाला काय करायचंय बाबा?" एवढंच उत्तर आलं. नातवाने मात्र दुसऱ्या दिवशी फोनवर गुपित फोडलं. तीस हजार! मी दोनदा विचारून घेतलं, कारण हल्ली मला आकडे नीट ऐकू येत नाहीत. (तो मुद्दा पुढे येणारच आहे.)

भेटीमागचं कारण उघड होतं. आमचा टीव्ही गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जातो, अशी सौ.ची तक्रार होती आणि ती सुनेमार्फत पुण्याला पोचली होती. शिवाय मला जुन्या गाण्याचा नाद. तेव्हा एका दगडात दोन पक्षी.

ध्वनिशास्त्र मी आठवी-नववीच्या पुस्तकात होतं तेवढंच शिकवलं आहे. पण वस्तू हातात आली की तिची परीक्षा घेतल्याशिवाय मास्तराला चैन पडत नाही. त्यानंतरच्या सहा-सात महिन्यांत हा एक, शहाद्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा एक आणि सुरतेला भाच्याकडे आठ दिवस राहिलो तेव्हा त्याचा एक, असे तीन हेडफोन मी मनसोक्त वापरले. परीक्षणंही खूप वाचली. ती लिहिणारे बहुतेक पंचविशीतले असावेत. वीस हजार कंपनांपर्यंतच्या गोष्टी ते असं बोलतात, जणू त्या सगळ्यांनाच ऐकू येतात.

आधी घरच्या हेडफोनबद्दल. कंपनीचं नाव घेत नाही. हा बाहेरचा आवाज मारणारा. ही कल्पना अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचली. वडील बंगाली, मुलगा अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक. बाहेरच्या आवाजाची लाट मोजायची आणि तिच्या बरोबर उलटी लाट कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकींना खातात. विमानाच्या घरघरीसाठी केलेली ही युक्ती नंदुरबारच्या कूलरलाही लागू पडते, हे मी मे महिन्यात अनुभवलं. बटण दाबलं की कूलर बंद पडल्यासारखा वाटतो, वारा मात्र येत राहतो. पहिल्या दिवशी मी उठून पाणी संपलं का ते बघून आलो.

पण त्यात आणखी एक सोय होती. वापरणारा बोलू लागला की गाणं आपोआप थांबतं, म्हणजे समोरच्याशी बोलता यावं. आता मला सांगा, ख्याल ऐकताना समेवर ज्याच्या तोंडून "वा!" निघत नाही, तो ऐकणारा कसला? मी दाद दिली की बुवा गप्प! परत सुरू व्हायला काही क्षण, तोवर तान पुढच्या आवर्तनाला टेकलेली. खोकला आला तरी तेच. शेवटी नातवाने ती सोय कुठूनशी बंद करून दिली.

दुसरी अडचण उन्हाची. कानावर बसणाऱ्या गाद्या चामड्यासारख्या कापडाच्या. पारा बेचाळिसावर गेला की अर्ध्या तासात कानामागून घामाची धार लागते. त्यात चष्मा. काडी गादीखाली दाबली जाऊन कानशील दुखतं आणि काडीने केलेल्या फटीतून खर्जाचा भाग निसटून जातो. बंद हेडफोनचा खर्ज गादी कानाभोवती घट्ट बसण्यावर असतो. चष्मा काढून ऐकलं तेव्हा तबल्याचा डग्गा एकदम भरला. वजनाचंही तसंच. बहुतेक चांगले हेडफोन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतात. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स २०२० साली आला तो ३८५ ग्रॅमचा, आणि भारतात तेव्हा त्याची किंमत ५९,९०० रुपये होती. वरचे सव्वाशे ग्रॅम तरुण मानेला कळतही नसतील. माझ्या मानेला स्पॉन्डिलायटिसचा पट्टा लागतो, तिला विचारा.

शहाद्याचा विद्यार्थी लग्नाच्या फिती जुळवण्याचं काम करतो. त्याच्याकडे सोनीचा एमडीआर-७५०६ आहे. हे मॉडेल १९९१ पासून चालू आहे आणि जगभरच्या स्टुडिओत दिसतं. वायर टेलिफोनच्या वायरीसारखी गुंडाळलेली, दिसायला अगदी साधा, किंमत घरच्याच्या निम्म्याहून कमी. मी तो लावला आणि बसल्या जागी सरळ झालो. गाणाऱ्या बाईच्या शब्दातला 'स' ऐकू आला! कित्येक दिवसांनी 'स' असा टोकदार ऐकला. विद्यार्थी म्हणाला, "सर, ह्याचा वरचा भाग जरा तिखट आहे. मी तासभराच्या वर लावत नाही." त्याला जे तिखट लागत होतं ते मला जेमतेम मिठाइतकं लागत होतं.

तिथेच मला पहिली शंका आली, पण ती मी सोबत घेऊन घरी आलो आणि कोणाला बोललो नाही.

तिसरा, सुरतेचा, सेनहायझरचा एचडी ६००. हा १९९७ सालचा, उघड्या जातीचा. कानावरच्या वाटीला मागून जाळी असते, त्यामुळे आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. ह्या जातीचा पहिला हेडफोन ह्याच कंपनीने १९६८ साली काढला, एचडी ४१४, पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा. एचडी ६०० च्या गाद्या मखमली. घाम कमी, वजन २६० ग्रॅम. फोनला थेट जोडला तर आवाज बारीक येतो, कारण त्याचा विरोध ३०० ओहम. मोटारीला दाब नसला की शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही, तसं. भाच्याने त्यासाठी काडेपेटीच्या दोन-तीन पुड्यांएवढा ॲम्प्लिफायर मध्ये लावला आहे, त्याचा खर्च वेगळा धरायचा.

ह्यावर मी सलग तंबोरा ऐकला. कोणाला हसू येईल, पण हेडफोन पारखायला तंबोऱ्यासारखी गोष्ट नाही. गाणारा काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज सुमारे १३९ कंपनांचा आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९च्या आसपास. त्या तारेतून पाचव्या स्वरांशाच्या रूपाने गंधार उमटतो, ३४६ कंपनांजवळ. तो कोणी छेडलेला नसतो. जवारी नीट लागली असेल, म्हणजे घोडीवर तारेखालचा धागा बरोबर जागी असेल, तरच तो फुलतो. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं आहे, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एचडी ६०० वर तो गंधार असा वर आला की डोळे मिटले. घरच्या हेडफोनवर तो होता, पण खर्ज त्याच्यावर पाय देऊन उभा होता. शहाद्याच्या हेडफोनवर स्वच्छ होता, जरा रोडका.

आता गंमत बघा. ३४६ कंपनं ऐकायला तरुण कान लागत नाही. पुरुषाच्या गळ्याचा, तबल्याच्या बोलांचा, सारंगीचा मुख्य जीव चार-पाच हजारांच्या आतच असतो. मध्यम लहरींचा रेडिओ तर साधारण पाच हजारांच्या वर काही देतच नव्हता, आणि आमच्या पिढीने सगळं संगीत त्यावरच ऐकलं. भीमसेन जोशी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी एका दुकानातल्या तबकडीवर ऐकून वेडे झाले आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. त्या दुकानातला ग्रामोफोन कोणत्या प्रतीचा होता, हे कोणी विचारलेलं नाही. तेव्हा दहा हजारांच्या वरच्या झळाळीसाठी जो जास्तीचा पैसा घेतात, तो माझ्यासारख्याने का द्यावा?

खर्जाचंही सांगून टाकतो. हेडफोनच्या जाहिरातीत छाती दणाणून सोडण्याच्या गोष्टी असतात. आमच्या अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते. तिथला मोठा ढोल ज्याने रात्री जवळून ऐकला आहे, त्याला ठाऊक आहे की तो कानाने कमी आणि बरगड्यांनी जास्त ऐकायचा असतो. हेडफोनला बरगड्या कुठून येणार? असो.

तर आवाजात आणि आरामात माझ्या मते उघडा हेडफोन पहिला, पैशाच्या मोलात शहाद्याचा. एवढं सांगून मी थांबलो असतो, पण जून महिन्यात एक गोष्ट घडली.

दुपारची वेळ. मी पुढच्या खोलीत घरचा हेडफोन लावून ऐकत होतो. सौ. मागच्या खोलीत माळ्यावर पापडांचा डबा ठेवायला स्टुलावर चढली. स्टूल डगमगलं, तिने माळ्याची कड धरली आणि मला हाका मारल्या. तीन मारल्या म्हणे. मी तिच्यापासून दहा पावलांवर. धावत आली ती शेजारची मुलगी, भिंतीपलीकडून, आणि तिने स्टूल धरलं. मला हे कळलं ते ती मुलगी माझ्यासमोरून पाण्याचा तांब्या घेऊन गेली तेव्हा. सौ. काहीच बोलली नाही. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाली, "अहो, ते काढलेलं असलं तरी तुम्हाला कुठं ऐकू येतं?"

हेडफोनला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण शहाद्याचा 'स' आठवला. पुढच्या आठवड्यात नाशिकला जाऊन कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवतात आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायला सांगतात. आलेख हातात आला. एक हजार कंपनांपर्यंत रेघ बऱ्यापैकी सरळ, दोन हजारांनंतर उतार, चारच्या पुढे घाटच. उजवा कान डाव्याहून वाईट. स, श, थ, फ ह्या मंडळींचा मुक्काम नेमका त्या घाटात. छत्तीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घातलं, 'श' आणि 'ष' चुकवणाऱ्यांचे कान पिळले, आणि आता नातू फोनवर 'सात' म्हणतो की 'हात' हे मला संदर्भावरून ठरवावं लागतं. आवाज येतो, शब्द लागत नाही. टीव्ही मोठा करून शब्द लागत नव्हता, गल्लीला मात्र त्रास होत होता.

तपासणाऱ्या बाईंनी श्रवणयंत्र सुचवलं. दोन्ही कानांची, बऱ्यापैकी प्रतीची किंमत ऐकून मी म्हणालो, "एवढे?" आणि माझंच मला हसू आलं. चिरंजीवांचा हेडफोन आणि त्याची भावंडं ह्यांचा हिशेब मी सहा महिने किती हौसेने करत होतो!

आमच्याकडे त्याला 'कानाचं मशीन' म्हणतात. हेडफोन लावून ओट्यावर बसलं की जाणारे-येणारे कौतुक करतात, "सर एकदम मॉडर्न!" मशीन लावलं की तेच लोक मोठ्याने आणि सावकाश बोलू लागतात, जणू माणसाची अक्कलही गेली. म्हणून मंडळी चष्मा लावतात, कवळी बसवतात, गुडघे बदलून घेतात, पण कानाला हात लावत नाहीत. मीही तेच करत होतो. हेडफोनचा आवाज रोज एक-एक घर वर चढवत होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल, ९० असेल तर फक्त ४ तास. मी कितीवर ऐकत होतो हे फोनमध्येच दिसत होतं. बघितलं नव्हतं एवढंच.

आणि धंदेवाल्यांना ही सीमा केव्हाच कळलेली आहे. सेनहायझरचा ग्राहकांसाठीच्या हेडफोनचा व्यवसाय २०२२ साली स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा कंपनीकडे गेला, आणि सोनोव्हाचा मूळ धंदा श्रवणयंत्रांचा. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ मध्ये सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी श्रवणयंत्राची सोय द्यायला परवानगी दिली. वस्तू एक होत चालल्या आहेत, लाज मात्र अजून एकाच वस्तूला चिकटलेली आहे.

म्हणून माझ्या वयाच्या वाचकांना माझं मत असं की हेडफोनची तुलना जरूर करा, त्यात मजा आहे. पण त्या यादीत सगळ्यात वर कानाच्या तपासणीचे पैसे लिहा आणि उरतील त्यात बाकीचं बसवा. घरात दोनच माणसं असतील तर बंद जातीचा घेऊच नका, परीक्षणात त्याला कितीही तारे दिलेले असोत.

मी दोन्ही कानांची मशीनं घेतली. पहिले पंधरा दिवस वाईट गेले. नळाचं पाणी, पेपरची घडी, स्वतःचं चावणं, सगळं कानात ओरडत होतं. आता सवय होते आहे. बंद हेडफोन त्यांच्यावर चढवला की मशीन शिट्टी मारतं. उघड्यावर मारतं का, ते सुरतेला जाऊन बघायचं आहे. सौ. माळ्यावर चढायची थांबलेली नाही.

पुण्याचा हेडफोन त्याच खोक्यात घालून परत पाठवतो आहे, विजेची बिलं काढून घेऊन. चिरंजीव, गाद्यांना खोबरेल तेलाचा वास राहिला आहे, तेवढा ओल्या फडक्याने पुसून घे.