आधी चालून दाखवायला सांगा

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, जालना
जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, जालना
अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जालना

महोदय,

मी एस.टी.चा निवृत्त वाहक. नोकरीतली बरीच वर्षं जालना–राजूर–भोकरदन रस्त्यावर गेली. वाहकाचं लक्ष पैशांवर असतं असं लोकांना वाटतं, खरं तर ते दारावर असतं. गाडीची पहिली पायरी उंच. कोण कुठला पाय आधी टाकतं, कोण दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळतं, कोणाची चप्पल खाली राहिली तरी त्याला पत्ता नसतो, हे रोज बघून बघून माणूस चढायच्या आधीच मला कळायचं की याला जागा करून द्यावी लागणार. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांचं तिकीट माफ झालं, पायरी काही माफ झाली नाही. पण माणूस असा का चढतो, ते मला कळत नव्हतं. ते माझं कामही नव्हतं. ज्यांचं आहे, त्यांना हे पत्र.

आमचे अण्णा, माझे थोरले बंधू, दर अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जायचे. मी ड्यूटीवर असलो की गाडीतून दिसायचे, घोळक्याच्या पुढे. एका वर्षी ते मधे दिसले. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या मागे. उजवा हात अंगाला चिकटवल्यासारखा, हलतच नव्हता. पाऊल उचललं जात नव्हतं, घासत होतं. घरात सगळे म्हणाले, वय झालं. मीही म्हणालो.

मग तीन वर्षं दवाखाने झाले. गुडघ्याचा एक्स-रे, कमरेचा एक्स-रे, गोळ्या, मलम, शेक. प्रत्येक ठिकाणी मी त्यांना मोटारसायकलवरून दारापर्यंत न्यायचो, दंडाला धरून आत न्यायचो, स्टुलावर बसवायचो, आणि त्यानंतर डॉक्टर मान वर करायचे. म्हणजे जे बघायचं ते मीच झाकून ठेवत होतो. शेवटी छत्रपती संभाजीनगरला एका मेंदूविकारतज्ज्ञांनी मला बाजूला केलं आणि अण्णांना म्हणाले, दारापर्यंत जा, वळा, परत या. वळायला अण्णांना सात-आठ बारीक पावलं लागली, सबंध अंग एकदम वळवावं लागलं. ते परत येऊन बसायच्या आत डॉक्टरांच्या तोंडी आजाराचं नाव होतं. पार्किन्सन. हात कापत नव्हते, म्हणून तोवर कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

ज्यांचं नाव या आजाराला आहे, त्या जेम्स पार्किन्सननी १८१७ साली आपला निबंध लिहिला तो सहा रुग्णांवर, आणि त्यातले काही तर त्यांना लंडनच्या रस्त्यावर नुसते चालताना दिसलेले होते. आपल्याकडचे वैद्यही पायांकडे बघत. सुश्रुतसंहितेतला ‘कलायखंज’ हा विकार चालायला लागताच कापणाऱ्या, लंगडत जाणाऱ्या माणसाचा आहे. पूर्व विदर्भातली लाखोळी डाळ महिनोन्‌महिने खाऊन पाय आखडतात, तोच हा विकार असं आजचे अभ्यासक मानतात. ‘गृध्रसी’त तर गृध्र, म्हणजे गिधाडच आहे; कमरेतून पायात कळ उतरलेला माणूस तसा चालतो म्हणून हे नाव, असं सांगतात.

आणि आपली भाषा? खुरडत, फरफटत, अडखळत, झोकांड्या खात, डुलत, फेंगडं. हे शब्द आम्ही चिडवायला वापरतो. पण ‘डुलत’ चालणाऱ्या बाईची हाडं किंवा खुब्याचे स्नायू कमकुवत असू शकतात. ‘फरफटत’ म्हणजे एक पाय बाहेरून अर्धगोल फिरवत आणणारा, त्याला लकव्याचा झटका येऊन गेलेला असू शकतो. पाऊल लोंबतं म्हणून गुडघा उंच उचलून चालणाऱ्याच्या पायाची नस गेलेली असते, आणि त्यामागे कधी कुष्ठरोग असतो. चप्पल निसटलेली कळत नाही, त्याची साखर तपासावी. अंधार पडला की झोकांड्या खाणाऱ्याचं बी-१२ बघावं. हे मला भाचीनं शिकवलं, ती फिजिओथेरपी शिकते. ती लगेच पुढं सांगते, की मामा, चाल आजार सांगत नाही, कुठं बघायचं तेवढं सांगते. मला तेवढं पुरेसं वाटतं.

आता आपल्या कारभाराकडे येतो. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? म्हणजे सरकारला हे सुचलेलं आहे. आमच्या घरी फॉर्म भरला तेव्हा अण्णा बाजेवर बसून होते. त्यांनी “नाही” म्हटलं, “नाही”वर खूण झाली. त्या ताईंना मी दोष देत नाही. कोणता म्हातारा परक्या बाईपुढं तोल जातो म्हणून कबूल करील? हा प्रश्न तोंडाला विचारायचा नाही, पायांना विचारायचा आहे.

पद्धत जगभर रुळलेली आहे. चार मीटरच्या अंतरावर दोन रेघा. माणसानं नेहमीच्या चालीनं जायचं, आपण मोबाइलवर सेकंद मोजायचे. पाचपेक्षा जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.८ मीटरच्या खाली आला, की पुढची तपासणी. दुसरी चाचणी खुर्चीची: उठायचं, तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. बाराच्या वर सेकंद लागले तर पडण्याचा धोका. २०११ सालच्या एका अभ्यासात पासष्टीपुढच्या ३४,४८५ माणसांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा चालण्याचा वेग आणि पुढचं आयुर्मान यांचा सरळ संबंध दिसला. नाडी आणि रक्तदाब लिहितात तिथंच हा आकडा का लिहू नये?

एक भीती आहे, ती आधीच सांगतो. हे पत्र वाचून कोणी यंत्राचा प्रस्ताव करील. चाल मोजायच्या प्रयोगशाळा असतात, अंगाला चकाकत्या गोळ्या लावून चहूबाजूंनी कॅमेरे, जमिनीत दाब मोजणाऱ्या पट्ट्या. शस्त्रक्रियेआधी, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी त्या मोलाच्या आहेत. आयफोनही २०२१ पासून चालण्यातली स्थिरता मोजतो. पण जिल्ह्याला आज यंत्र दिलं तर उद्घाटन होईल, तंत्रज्ञाचं पद रिक्त राहील, आणि वर प्लॅस्टिक पांघरलेलं ते यंत्र आम्ही बघत राहू. आधी रेघा मारा.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात आपलं जालन्याचंही होतं. अधिष्ठाता साहेब, तुमच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातच खेड्यातली कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. त्यांना पहिलं काम हेच द्या: घरातल्या सगळ्यांना अंगणात चालायला लावा आणि गप्प बसून बघा. स्टेथोस्कोप नंतर.

चाल बघायची ती म्हाताऱ्यांचीच असं नाही. अंबड, घनसावंगी, मंठा इथले कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, गाळप संपलं की गावी परततात. सहा महिने डोक्यावर मोळ्या वाहून आलेल्या त्या बायांच्या माना, कमरा, गुडघे परतल्यानंतरच्या पंधरवड्यात कोणी बघेल का? आणि शाळांत जाणारी बालआरोग्याची पथकं. पोरगं जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येतं, टाचा उचलून चालतं, पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या, तर मास्तर त्याला आळशी म्हणतात. तो स्नायूंचा गंभीर आजार असू शकतो. वजन-उंची घेताना त्याला एकदा खाली बसवून उठवा, एवढंच.

आशाताईंवर आणखी एक ओझं टाका असं मी म्हणत नाही. टाकायचं असेल तर त्याचा मोबदला वेगळा धरा, आणि तो वेळेवर द्या.

अण्णांना आता गोळ्या लागू पडल्या आहेत. राजूर सुटलं. मधेच पाय जमिनीला खिळतात, विशेषतः दारात. भाचीनं ओसरीवर हात-हात अंतरावर पिवळ्या चिकटपट्टीच्या रेघा मारून दिल्या, आणि जो माणूस सपाट फरशीवर अडकतो तो रेघ दिसली की ती ओलांडतो. अर्धा रीळ अजून शिल्लक आहे. आपल्या बाह्यरुग्ण विभागात दारापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत चार मीटर जागा निघत असेल, तर कळवावं. रीळ घेऊन मी स्वतः येतो.

आपला,
एक निवृत्त वाहक
तालुका भोकरदन, जिल्हा जालना