पंचांचा निर्णय चुकला तर मुलांना काय सांगायचं?



तालुकास्तरावरून मुलं हरून आली की गाडीतून उतरता उतरताच त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, पंचांनी हरवलं!" कबड्डी असो, खो-खो असो, वाक्य तेच.

यावर आपण मोठी माणसं सहसा दोनपैकी एक उत्तर देतो. पहिलं, "पंचांचा निर्णय अंतिम असतो, गप्प बसा." दुसरं, "हो रे, मीपण बघितलं. सगळं आधीच ठरलेलं होतं." पहिल्या उत्तराने मूल गप्प बसतं, पण त्याला पटत काहीच नाही. दुसऱ्याने त्याला बरं वाटतं, पण पुढच्या प्रत्येक पराभवासाठी एक आयतं कारण त्याच्या हाती लागतं. मला वाटतं, याशिवाय तिसरं उत्तरही आहे आणि ते आपण शिकवायला हवं. निर्णय मान्य करायचा, खेळ पुढे चालू ठेवायचा, आणि नंतर त्या निर्णयावर बोलायचंसुद्धा. पण कसं बोलायचं, हे शिकून.

यासाठी उदाहरण मुद्दाम लांबचं घेते. क्रिकेटचं घेतलं की वर्गात लगेच मुंबई आणि चेन्नई असे दोन तट पडतात. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये आपल्या मुलांचा कोणताच संघ नाही. त्यामुळे कुणाचीही बाजू न घेता विचार करता येतो.

एका शिक्षकाने शोधलेला खेळ

बास्केटबॉल हा खेळ एका शिक्षकाने शोधला, हे मुलांना आवर्जून सांगा. डिसेंबर 1891. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड गाव. बाहेर थंडी, मैदानावर जाता येत नाही आणि वर्गातली मुलं कंटाळलेली. व्यायामशिक्षक जेम्स नाइस्मिथ यांनी सभागृहात पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, 13 नियम लिहिले आणि 18 विद्यार्थ्यांचे नऊ-नऊचे दोन संघ खेळवले.

त्या 13 नियमांतच दोन पंच होते. एकाने खेळाडूंकडे बघायचं, दुसऱ्याने चेंडूकडे. म्हणजे एका माणसाला सगळं दिसणार नाही, हे नाइस्मिथ गुरुजींनी पहिल्याच दिवशी गृहीत धरलं होतं. चेंडू हातात धरून पळायचं नाही, हाही त्या मूळ नियमांपैकीच एक. पुढे चेंडूचे टप्पे देत पुढे जाण्याची पद्धत आली, तिला ड्रिबल म्हणतात. टप्पे देणं थांबवून चेंडू हातात धरला की पुन्हा टप्पा द्यायचा नाही. दिला तर तो 'डबल ड्रिबल', आणि चेंडू समोरच्या संघाला मिळतो. एवढा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

6 एप्रिल 2019 ची संध्याकाळ

अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी मार्चमध्ये सुरू होते. 2019 मध्ये तिच्यात 68 संघ होते आणि एक सामना हरला की थेट घरी. 2019 ची उपांत्य लढत मिनियापोलिस शहरात होती, व्हर्जिनिया विरुद्ध ऑबर्न. प्रेक्षक 70 हजारांहून जास्त. ऑबर्न पहिल्यांदाच इथवर आलं होतं. व्हर्जिनिया आदल्या वर्षी अग्रमानांकित असूनही पहिल्याच फेरीत सर्वांत खालच्या मानांकनाच्या संघाकडून हरलं होतं. पुरुषांच्या या स्पर्धेत असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. त्यामुळे दोन्ही बाजूंचे चाहते अगदी जीव मुठीत धरून बसले होते.

शेवटची सुमारे पाच मिनिटं राहिली तेव्हा व्हर्जिनिया 10 गुणांनी पुढे होतं. मग ऑबर्नने सलग 14 गुण केले आणि सामना फिरवला. अगदी शेवटी ऑबर्न 62, व्हर्जिनिया 60.

आता दोन प्रसंग नीट बघा.

पहिला प्रसंग. अवघे काही सेकंद उरलेत. व्हर्जिनियाचा टाय जेरोम टप्पे देत पुढे येतोय. चेंडू त्याच्याच पायाला लागून सुटतो. तो दोन्ही हातांनी चेंडू उचलतो आणि पुन्हा टप्पा देत निघतो. हा डबल ड्रिबल होता. पण शिट्टी वाजली नाही. त्यानंतर ऑबर्नने मुद्दाम फाऊल करून खेळ थांबवला. घड्याळात 1.5 सेकंद.

दुसरा प्रसंग. चेंडू आत येतो. व्हर्जिनियाचा काइल गाय कोपऱ्यातून तीन गुणांसाठी चेंडू फेकतो. ऑबर्नचा समीर डॉटी त्याला अडवायला झेपावतो. चेंडू बास्केटमध्ये जात नाही. ऑबर्नचे खेळाडू आनंदाने उड्या मारू लागतात, आणि मग कळतं की शिट्टी वाजली आहे. फाऊल! घड्याळात 0.6 सेकंद. तीन गुणांच्या प्रयत्नावर फाऊल, म्हणून तीन फ्री थ्रो. गायने पहिले दोन टाकले, 62-62. ऑबर्नने टाइमआउट घेतला, त्याला विचार करत उभं ठेवलं. त्याने तिसराही टाकला. व्हर्जिनिया 63, ऑबर्न 62. दोन दिवसांनी व्हर्जिनियाने अंतिम सामनाही जिंकला.

भांडण कशावर झालं?

चाहत्यांचा सगळ्यात जास्त राग निघाला तो दुसऱ्या प्रसंगावर, म्हणजे वाजलेल्या शिट्टीवर. "शेवटच्या अर्ध्या सेकंदाला असा फाऊल देतात का? सामना खेळाडूंना ठरवू द्या ना!" पण नियमाने पाहिलं तर हवेत उडालेल्या नेमबाजाला खाली उतरायला जागा मिळाली पाहिजे. डॉटी पुढे सरकत गायच्या अंगाशी आला, पायाशी धक्का लागला. स्पर्धेच्या पंचप्रमुखांनीही सामन्यानंतर हेच कारण दिलं. निर्णय कटू होता, पण बरोबर होता.

चूक होती ती पहिल्या प्रसंगात, न वाजलेल्या शिट्टीत. ती वाजली असती तर चेंडू ऑबर्नला मिळाला असता, तोही दोन गुणांची आघाडी असताना. आणि त्या वेळच्या नियमांनुसार डबल ड्रिबल व्हिडिओवर तपासायची सोयच नव्हती. पंचांना शंका आली असती तरी मागे जाऊन बघता आलं नसतं. व्हर्जिनियाच्या बाजूचे लोक यावर म्हणाले, त्याआधी जेरोमची जर्सी ओढली गेली, तो फाऊल कुठे दिला?

मला इथे शिक्षक म्हणून सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. आपल्याला वाजलेली शिट्टी दिसते. न वाजलेली दिसत नाही. पण शिट्टी न वाजवणं हाही एक निर्णयच असतो, आणि त्याचाही फायदा कुणाला तरी होतोच.

"शेवटच्या क्षणी पंचांनी शिट्टी वाजवू नये" हे म्हणणं ऐकायला मोठं न्यायाचं वाटतं. पण पहिल्या मिनिटाला जो फाऊल, तो चाळिसाव्या मिनिटाला फाऊल नाही, असं ठरवलं तर नियम उरतो कुठे? मग शेवटच्या मिनिटाला जो जास्त धक्के मारेल तो जिंकेल. हां, एक तक्रार मात्र रास्त असते. तसाच धक्का आधी तीन वेळा सोडून दिला असेल आणि चौथ्यांदा शिट्टी वाजली, तर चाहत्याने जरूर विचारावं की असं का. पंचांकडे सारखेपणा मागण्यात काहीच गैर नाही.

वर्गात आपणही दिवसभर पंचच असतो. मधल्या सुट्टीत कुणी कुणाला ढकललं, पट्टी कुणाची, रांगेत आधी कोण होतं. "जाऊ दे, शेवटचा तास आहे" म्हणून जे सोडून दिलं जातं, तीसुद्धा न वाजलेली शिट्टीच. ज्याला ढकललं गेलं त्याच्या ती बरोबर लक्षात राहते.

तेच दृश्य, वेगळं दिसणं

मग हजारो लोक एकच दृश्य बघून उलटसुलट का बोलतात? खोटं बोलतात म्हणून? नाही. नोव्हेंबर 1951 मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन अमेरिकन कॉलेजांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. फार धसमुसळा. एका खेळाडूचं नाक मोडलं, दुसऱ्याचा पाय. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवली आणि दिसतील ते नियमभंग नोंदवायला सांगितलं. डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग डार्टमथच्या मुलांना दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले! फिल्म तीच. 1954 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आजही मानसशास्त्राच्या वर्गांत तो शिकवला जातो.

क्रीडा महोत्सवात आपल्या लेकराची शर्यत बघताना आपलंही हेच होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय" हा पुरावा म्हणून किती पुरतो, हे एकदा स्वतःला विचारायला हवं.

राग कुठवर जातो

हे शिकवलं नाही तर काय होतं? 26 मार्च 2017 ला याच स्पर्धेत केंटकीचा संघ नॉर्थ कॅरोलायनाकडून 75-73 असा हरला. केंटकीचे काही चाहते एका पंचावर चिडले. त्या पंचांचा छपरं बसवण्याचा व्यवसाय होता. ज्यांनी त्यांच्याकडून कधी एक पत्राही बसवून घेतला नव्हता, अशा लोकांनी त्या व्यवसायाबद्दल इंटरनेटवर वाईट अभिप्राय टाकले. फोनवर फोन केले, जीवे मारण्याच्या धमक्या दिल्या. प्रकरण कोर्टात गेलं. पंचांनी ज्या रेडिओ कार्यक्रमावर दावा लावला होता, त्याचं बोलणं अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं असं ठरून दावा टिकला नाही. म्हणजे कायद्याने सगळंच अडवता येत नाही. उरतं ते संस्काराचं काम, आणि ते शाळेत आणि घरातच व्हायचं असतं.

आता ऑबर्नचे तेव्हाचे प्रशिक्षक ब्रूस पर्ल बघा. तोंडाशी आलेला घास गेला होता. तरी सामन्यानंतर त्यांनी सांगितलं की सामन्यात अनेक निर्णय होतात, काही आपल्या बाजूने, काही विरुद्ध. हा सामना फक्त शेवटच्या निर्णयासाठी लक्षात राहू नये. शेवटच्या काही सेकंदांत ऑबर्नला दोन फ्री थ्रो मिळाले होते, त्यातला एकच पडला होता. दुसरा पडला असता तर गायच्या तीन थ्रोंनी फक्त बरोबरी झाली असती. हे ऑबर्नच्या चाहत्याने स्वतःशी मान्य केलं म्हणून पंचांची चूक पुसली जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. मुलांना शिकवायला कठीण आणि गरजेचं काही असेल तर ते हेच.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

1. खेळ सुरू होण्याआधी नियम मुलांच्या तोंडून वदवून घ्या. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

2. वाद झालाच तर याच क्रमाने तीन प्रश्न विचारा. नक्की काय घडलं? नियम काय सांगतो? मग तुझं मत काय? मुलं थेट तिसऱ्यावर उडी मारतात. त्यांना पहिल्यावर परत आणा.

3. एकदा बाजू बदलायला सांगा. "तू दुसऱ्या संघात असतास तर काय म्हणाला असतास?" पाचवीच्या मुलालाही हे छान जमतं.

4. प्रत्येक मुलाच्या गळ्यात एकदा तरी शिट्टी अडकवा. विशेषतः जो सगळ्यात जास्त भांडतो त्याच्या. दहा मिनिटं पंच झाल्यावर त्याला कळतं की एकाच वेळी पायाकडे, रेषेकडे आणि चेंडूकडे बघता येत नाही.

5. पालकहो, सामना हरून मूल तुमच्या गाडीवर मागे बसलं की "पंच कसले होते रे?" असं विचारू नका. "तुला कुठला डाव आवडला?" असं विचारा. पंचांबद्दल त्याला बोलायचं असेल तर ते आपणहून बोलेल. तेव्हा पूर्ण ऐकून घ्या आणि वरचे तीन प्रश्न विचारा.

शेवटी एवढंच सांगते. "पंचाला काही बोलायचं नाही" असं शिकवून आपण मुलं शिस्तीची बनवू, पण उद्या खरंच अन्याय झाला तर ती तोंड उघडणार नाहीत. आणि "सगळे पंच विकले गेलेले" असं शिकवलं तर मोठी झाल्यावर त्यांचा परीक्षकावर, मतमोजणीवर, न्यायालयावर, कशावरच विश्वास बसणार नाही. चूक नेमकी दाखवता येणं आणि तरीही हात मिळवून मैदानाबाहेर येणं, हे दोन्ही जमणारी मुलं आपल्याला हवी आहेत. पुढच्या क्रीडा स्पर्धेच्या आधी एक तास यासाठी जरूर काढा. मुलांनी काय उत्तरं दिली तेही कळवा, वाचायला आवडेल.