डकारला जायचंय? आधी रेस कमी करा

परभणी-गंगाखेड रस्त्यावर पोखर्णीच्या फाट्याला दहा मिनिटं उभे राहा. सायलेन्सर बदललेली एक तरी गाडी कानठळ्या बसवत जाईल आणि चालवणाऱ्याचं हेल्मेट आरशाला लटकलेलं दिसेल. त्याच्या मोबाइलमध्ये बहुतेक एखादी रीलही सापडेल : वाळूच्या टेकडीवरून उडणारी बाइक, मागे धुरळा, खाली लिहिलेलं ‘डकार’. ‘एक दिवस आपण पण!’ असं आपल्यातल्या कितीतरी जणांनी मनात म्हटलेलं असतं. या स्वप्नाची टिंगल मला करायची नाही. माझं म्हणणं एवढंच, की परदेशातल्या पहिल्या वाळवंटी रॅलीची तयारी म्हणून आपण जे समजतो, त्यातलं फारसं काही तिथे कामाला येत नाही. आणि जे कामाला येतं, त्यातलं बरंच काही पोखर्णीत राहून शिकता येतं.

आधी ही रॅली काय आहे ते बघू. थिएरी साबीन नावाचा फ्रेंच बाइकस्वार 1977 मध्ये एका रॅलीत लिबियाच्या वाळवंटात रस्ता चुकला. जीव वाचला, आणि त्या अनुभवातूनच त्याला नव्या स्पर्धेची कल्पना सुचली. 26 डिसेंबर 1978 ला पॅरिसहून पहिली रॅली सेनेगलमधल्या डकारकडे निघाली. म्हणजे या खेळाचा जन्मच रस्ता चुकण्यातून झालाय. सुरक्षेच्या कारणामुळे 2008 ची रॅली रद्द झाली, 2009 पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि 2020 पासून सौदी अरेबियात होते. नाव मात्र डकारच राहिलं. साधारण दोन आठवडे, सात-आठ हजार किलोमीटर. काही दिवशी साध्या रस्त्यावरचा प्रवास आणि स्पर्धेचा टप्पा मिळून सहाशे-सातशे किलोमीटर होतात. पहाटेच्या अंधारात, जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत गाडी काढायची. ‘आपल्याला 44 डिग्रीची सवय आहे’ ही फुशारकी तिथे पहाटे चार वाजता उपयोगी पडत नाही.

आता आपली माणसं बघा. बेंगळुरूचा सी. एस. संतोष 2015 मध्ये डकारला बाइकवर उतरलेला पहिला भारतीय. पहिल्याच वेळी त्याने रॅली पूर्ण केली आणि 36 वा आला. केरळमधल्या शोरनूरचा हरिथ नोआ 2024 मध्ये एकूण अकरावा आला आणि ‘रॅली 2’ हा गट त्याने जिंकला. डकारमध्ये गट जिंकणारा तो पहिला भारतीय. शोरनूर म्हणजे रेल्वे जंक्शनमुळे ओळखलं जाणारं गाव, आपल्या पूर्ण्यासारखं. मराठी नाव हवं असेल तर आशिष रावराणे आहे. जहाजावर नोकरी केलेला हा माणूस 2021 मध्ये कुठल्याही कंपनीच्या टीमशिवाय, खासगी स्पर्धक म्हणून डकारला उतरला. पुण्याचे संजय टकले 2025 मध्ये जुन्या गाड्यांच्या ‘डकार क्लासिक’मध्ये कार घेऊन गेले, तेही पन्नाशी ओलांडल्यावर. म्हणजे हे स्वप्न अगदीच हवेतलं नाही.

पण या गोष्टींची दुसरी बाजूही वाचा. 2021 मध्येच संतोष चौथ्या टप्प्यात पडला. डोक्याला मार लागल्याने डॉक्टरांना त्याला औषधं देऊन बेशुद्धावस्थेत ठेवावं लागलं. पुढे तो सावरला. रावराणेंना त्या वर्षी शेवटपर्यंत पोचता आलं नाही. गट जिंकल्याच्या पुढच्याच वर्षी हरिथ नोआ सुरुवातीलाच पडला, जखमी झाला आणि घरी परतला. ही कच्ची माणसं नव्हती. वर्षानुवर्षं सराव केलेली होती. मग फाट्यावर एका चाकावर गाडी पळवणाऱ्याने ‘माझी प्रॅक्टिस चालू आहे’ म्हणावं, याला काय अर्थ आहे?

खरी प्रॅक्टिस कशाची लागते? पहिली गोष्ट वाचनाची. हसू नका. या रॅलीत मोबाइलवरची बाई ‘पुढे डावीकडे वळा’ असं सांगत नाही. तुमच्या हँडलसमोर रोडबुक असतं. पूर्वी ती कागदाची गुंडाळी असायची, आता बऱ्याच ठिकाणी स्क्रीन आली. त्यात प्रत्येक चौकटीत किलोमीटरचा आकडा, वळणाचं छोटं चित्र, कंपासची दिशा अंशांमध्ये, फ्रेंचमधले संक्षेप आणि धोक्यासाठी एक, दोन किंवा तीन उद्गारचिन्हं. तीन म्हणजे जिवाशी गाठ. ताशी शंभरने जाताना हे वाचायचं, लक्षात ठेवायचं, समोरच्या वाळूशी जुळवायचं. एक चौकट चुकली की अर्धा तास गेला. पुढचा स्पर्धक चुकला आणि तुम्ही त्याच्या चाकोरीवरून गेलात, तर तुम्हीही चुकलात.

याचा सराव करायला सौदीला जावं लागत नाही. एक वही घ्या. नृसिंहाच्या मंदिरापासून शून्य धरा आणि गाडीच्या ट्रिप मीटरवर गावातून, शिवारातून, पांदण रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटरची वाट लिहून काढा. कुठे ओढा, कुठे कॅनॉल, कुठे बाभळीपाशी दोन फाटे. मग ती वही मित्राला द्या आणि मोबाइल बंद ठेवून तुमच्या वहीवर त्याला पोचता येतं का बघा. वेग सायकलचा असला तरी चालेल, सायकलच असली तर आणखी बरं. नाही पोचला तर दोष वाचणाऱ्याचा की लिहिणाऱ्याचा, यावर भांडा. त्या भांडणातून जे शिकाल ते शंभर रील बघून येणार नाही.

दुसरी गोष्ट हातांची. डकारमध्ये एक गट असा असतो, ज्यात स्पर्धकाला मेकॅनिकची मदत चालत नाही. दिवसभर चालवलेली गाडी रात्री स्वतः खोलायची, स्वतः जोडायची, तंबूत दोन-चार तास झोपायचं आणि परत निघायचं. आपल्यापैकी कितीजणांना स्वतःच्या गाडीचा एअर फिल्टर कुठे असतो हे माहीत आहे? पंक्चर काढता येतं? चेन ताणता येते? गावातल्या गॅरेजवाल्या काकांकडे सुट्टीत महिनाभर हात काळे करा. ते पगार देणार नाहीत, उलट चहा आणायला पाठवतील. तरी जा.

तिसरी गोष्ट अंगातल्या दमाची. मऊ वाळूत गाडी रुतते, आडवी होते. पेट्रोल भरलेली दीडशे किलोच्या वरची गाडी एकट्याने उचलायची, दिवसातून कितीही वेळा. याबाबतीत मात्र आपण जिमवाल्यांच्या पुढे आहोत. ज्याने खताची पोती वाहिलीत, ज्याने पावसात काळ्या मातीत मडगार्डपर्यंत अडकलेली गाडी ढकलत घरी आणली आहे, त्याला पाठ न मोडता जोर कसा लावायचा हे बऱ्यापैकी कळतं. फक्त एक विनंती. वाळूचा सराव म्हणून गोदावरीच्या पात्रात गाडी घालू नका. उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत.

चौथी गोष्ट, जी आपल्याला सगळ्यात नकोशी वाटते : सुरक्षेची शिस्त. डकारमध्ये 2021 पासून बाइकस्वारांना एअरबॅगचं जॅकेट सक्तीचं आहे. वाटेत गाव आलं की वेगाची मर्यादा आणि ती मोडली की दंड. जगातले सगळ्यात वेगवान बाइकस्वार गावातून जाताना रेस कमी करतात आणि आपण शाळा सुटायच्या वेळेला गावात रेस वाढवतो. जखमी स्पर्धकासाठी थांबलात, तर गेलेला वेळ परत मिळतो, असाही नियम आहे. पोर्तुगालचा पावलो गोन्साल्विस 2016 मध्ये आघाडीवर असताना जखमी मॅथियास वॉकनरसाठी थांबला होता. हाच गोन्साल्विस 2020 मध्ये आपल्या हीरोच्या टीमकडून चालवताना सौदीच्या वाळवंटात गेला. पण आजही त्याचं नाव निघालं की तो थांबला होता ही गोष्ट आधी आठवते. आपल्या रस्त्यावर अपघात झाला की मोबाइल आधी बाहेर निघतो. प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग प्रत्येक कॉलेजने घेतला, तर डकारला कुणी जावो न जावो, गंगाखेड रस्त्यावर एखादा जीव वाचेल.

मैत्रिणींनो, हे सगळं फक्त पोरांसाठी लिहिलेलं नाही. बेंगळुरूची ऐश्वर्या पिस्से 2018 मध्ये स्पेनच्या रॅलीत पडून पोटाच्या गंभीर दुखापतीने हॉस्पिटलात गेली. 2019 मध्ये परत आली आणि बाहा वर्ल्ड कपचा महिला गट जिंकला. तुम्हाला स्कुटी देताना घरचे ‘सांभाळून जा’ म्हणतात. ते वाक्य भावालाही ऐकवायला सांगा.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पैशाचं काय? तुमचं बरोबर आहे. डकारच्या बाइक गटाची नुसती प्रवेश फीच पंधरा हजार युरोच्या वर आहे, म्हणजे पंधरा लाखांच्या आसपास. गाडी, टायर, प्रवास, विमा वेगळा. सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या घरात हा आकडा उच्चारायलाही हिंमत लागते. हा महागडा खेळ आहे, हे लपवून कुणी ‘जिद्द असेल तर सगळं होतं’ म्हणत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बापाची जमीन गहाण टाकून किंवा मोठ्या हप्त्यावर महागडी ॲडव्हेंचर बाइक घेऊन या खेळाची सुरुवात होत नाही. ती फक्त कर्जाची सुरुवात असते. शिवाय डकारला थेट प्रवेश मिळतही नाही. नवख्या बाइकस्वाराला आधी मान्यताप्राप्त रॅलीचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे आधी देशातल्या मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन्स, मग इथल्या छोट्या स्पर्धा, मग मोरोक्को किंवा अबुधाबीसारखी एखादी रॅली आणि त्यानंतर डकार. संतोषही आधी रेड दि हिमालय आणि अबुधाबीच्या रॅलीत उतरला होता. ही शिडी चढायला वर्षं लागतात आणि प्रत्येक पायरीवर खिशाचा हिशोब परत करता येतो. नोकरी करून, साठवून, पस्तिशीत गेलात तरी उशीर झाला असं नाही. रावराणे आणि टकले समोर आहेत.

कदाचित आपल्यातलं कुणीच तिथे पोचणार नाही. तरी ज्याला रस्ता वाचता येतो, गाडी खोलता येते, पडलेल्याला उचलता येतं आणि गाव आलं की रेस कमी करता येते, त्याची तयारी वाया गेली असं मला वाटत नाही. येत्या रविवारी वही घ्या आणि पहिली दहा किलोमीटरची वाट लिहा. आणि हो, हेल्मेट आरशावरून काढून डोक्यात घाला. डकारचा पहिला नियम तोच आहे.