दुसऱ्याच्या वजनाची सायकल

"कितीला पडली?"

आमच्या वाडीत कुठलीही नवी वस्तू आली की पहिला प्रश्न हाच. म्हैस असो, मोबाईल असो की मिक्सर. गेल्या मे महिन्यात माझा आत्येभाऊ, म्हणजे आमचा दादा, पुण्याहून टेम्पोत घालून एक सेकंडहॅंड सायकल घेऊन आला, तेव्हाही तेच झालं. "दीड लाख" हा आकडा ऐकून आजोबा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आणि वर हिला पायडल पण मारायचंय?"

हसू नका मित्रांनो! प्रश्न अगदी रास्त आहे. पण दादाचं उत्तरही रास्त होतं. तो देवरुखला नोकरीला. संध्याकाळची शेवटची एसटी त्याला फाट्यावर सोडते. तिथून आमची वाडी चार किलोमीटर. आधी मोकळा सडा, मग पऱ्यापर्यंत उतार, त्यावर एक अरुंद साकव आणि शेवटी दगडी पाखाडी. गाडीरस्त्याने फिरून यायचं तर अकरा किलोमीटर. एसटी चुकली की बॅटरी हातात धरून तंगडतोड! मोटरसायकल पाखाडीच्या पायऱ्यांवर चढत नाही, आणि अडली तर उचलताही येत नाही. म्हणून ही फुल सस्पेन्शन इलेक्ट्रिक माउंटन बाईक. पुढे १५० मिलिमीटर ट्रॅव्हलचा फोर्क, मागे एअर शॉक, पायडलच्या मधोमध मोटर, ६३० वॅट-अवरची बॅटरी आणि वजन २४ किलो. साकवापाशी उतरून ढकलता येते, अगदीच वेळ आली तर खांद्यावरही घेता येते.

महिनाभर मजेत गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या पावसानंतर, दादा पाखाडीवरून खाली आला तो थेट मनगट मोडूनच. सहा आठवडे प्लास्टर. नोकरीवर बिनपगारी रजा. कर्जाचे हप्ते मात्र चालूच. आत्येने फर्मान काढलं, "ती मोटरची सायकल विकून टाक!" वाडीत निकाल लागला की मोटरने ढकललं म्हणून पोरगा पडला.

मी तेव्हा घरीच होतो. सुट्टी होती, आणि आपण पडलो मेकॅनिकलवाले. म्हटलं, फाशी देण्याआधी आरोपीची चौकशी तरी करू!

चौकशीत जे सापडलं त्यासाठी हा लेख. आरोपी मोटर नव्हतीच. सायकल चांगली होती, फक्त ती दादाची नव्हती. कागदावर नाव दादाचं, पण बसवलेली होती आधीच्या मालकाच्या वजनावर आणि त्याच्याच सवयीवर. माझं स्पष्ट मत आहे की अशी सायकल विकत घेणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे ती स्वतःच्या अंगाला आणि स्वतःच्या वाटेला बसवणं. आपण पहिल्या निम्म्यावर दीड लाख घालतो आणि दुसऱ्या निम्म्यावर अर्धा तासही देत नाही.

आता पुरावा बघा. दादाचं वजन ५८ किलो. आधीच्या मालकाला फोन केला, तो ८८ किलोचा. मागच्या शॉकमध्ये हवा होती २३० पीएसआय, म्हणजे त्याच्या वजनाला साजेशी. आता सॅग म्हणजे काय? स्वार नुसता बसला की शॉक जेवढा दबतो तेवढं अंतर. खडबडीत वाटेसाठी मागे तो एकूण स्ट्रोकच्या ३० टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. आमच्या शॉकचा स्ट्रोक ५५ मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेसोळा मिलिमीटर दबायला हवं. दादा बसल्यावर दबलं फक्त ८! चाक खड्ड्यात जाताना शॉक उघडायला हवा, म्हणजे टायर जमिनीला चिकटून राहतो. दबलाच नाही तर उघडणार कुठून? त्यामुळे प्रत्येक पायरीवर मागचं चाक टुणकन उडत होतं. मे महिन्यात कोरड्या जांभ्यावर ते खपून गेलं. जूनमध्ये दगडावर शेवाळ धरलं आणि हिशेब चुकता झाला.

दुसरा पुरावा ब्रेकचा. आपल्याकडे सायकलचा उजवा ब्रेक पुढचा असतो, मोटरसायकलसारखा. ही सायकल बाहेरून आलेली, तिचा डावा ब्रेक पुढचा! दादाला ते माहीत होतं, महिन्याभरात थोडी सवयही झाली होती. पण मागचं चाक उडायला लागल्यावर घाबरून हाताने वीस वर्षांची जुनी सवय धरली. मागचा समजून डावा दाबला, पुढचं चाक जाम झालं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

गंमत म्हणजे व्हायब्रेशनच्या पेपरात हे सगळं आपण सोडवलेलं असतं. एम, के आणि सी दिलेले असतात, डॅम्पिंग रेशो काढा, आठ मार्क! पण तो 'एम' कोणाचा हे कोणीच विचारत नाही. इथे तो दादा होता. दादाचं वजन मालकाच्या साधारण दोन-तृतीयांश. म्हणजे हवेची स्प्रिंग तेवढ्याच प्रमाणात मऊ हवी. एम आणि के दोन्ही दोन-तृतीयांश झाले की दोन गुणिले वर्गमुळात के-एम हेही दोन-तृतीयांश होतं, म्हणून रिबाउंडचं डॅम्पिंगही त्याच अंदाजाने कमी करायला हवं. नुसती हवा काढून भागत नाही. सूत्र पाठ होतं, पण मला ते पहिल्यांदा कळलं ते दादाचं प्लास्टर बघून.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही सायकल बसवली. पद्धत सोपी आहे. सॅक, बूट, हेल्मेट, सगळं घालून बसायचं, कारण तेही वजनच. भिंतीला कोपर टेकून स्थिर व्हायचं, शॉकवरची रबरी रिंग वर सरकवायची, हळूच उतरायचं आणि रिंग किती सरकली ते पट्टीने मोजायचं. हवा कमी-जास्त करायला शॉक पंप लागतो, सायकलच्या दुकानातला साधा पंप इथे चालत नाही. आमचं गणित १५५ पीएसआयला जमलं. पुढच्या फोर्कला २० टक्के, म्हणजे ३० मिलिमीटर. मग रिबाउंड. ओट्याच्या कडेवरून बसूनच खाली यायचं. सायकल एकदा दबून सरळ व्हावी आणि थांबावी. दोन-तीनदा डोलली तर रिबाउंड फार मोकळा, चिखलातून पाय काढल्यासारखी हळू उठली तर फार आवळलेला. प्रत्येक वेळी एक क्लिक, आणि आकडा वहीत लिहायचा. टायरमध्ये पुढे २० आणि मागे २३ पीएसआय (ट्यूबलेस असल्यामुळे एवढं कमी चालतं). शेवटी ब्रेकच्या नळ्या बदलून उजवा पुढे आणला. सगळं मिळून एक रविवार गेला. नवीन खर्च म्हणाल तर पंप आणि ब्रेकचं तेल.

आता ज्यांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी. ही सायकल मुळात आपल्यासाठी जन्मलेली नाही. माउंटन बायकिंगचा खेळ १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीच्या कोरड्या डोंगरांवर वाढला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणून कॅटलॉग वाचताना मनात शास्त्री-सोनवीचा संगम ठेवा.

पहिला प्रश्न मोटरचा. मागच्या चाकात हब मोटर की क्रँकपाशी मिड मोटर? हिशेब करून बघा. दादा, सॅक आणि सायकल मिळून ९० किलो. वीस टक्क्यांच्या चढाला साधारण १९० न्यूटन जोर लागतो, चाकाची त्रिज्या ०.३७ मीटर, म्हणजे चाकाशी सुमारे ७० न्यूटन-मीटर टॉर्क. २५० वॅटची हब मोटर बहुधा तीस ते पंचेचाळीस देते, आणि अशा चढावर ती इतकी हळू फिरते की शक्तीऐवजी उष्णताच जास्त तयार करते. मिड मोटरचा जोर मात्र चेन आणि गिअरमधून जातो. पुढे ३४ दाती आणि मागे ५१ दाती चकती असेल तर टॉर्क दीडपट! सपाटीवर फिरणाऱ्याला हब मोटर उत्तम आणि स्वस्त. घाटीवाल्याने मिडच घ्यावी. पण मिड मोटर चेन खाते, आणि लाल चिखलात तर चवीने खाते, हेही लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न मागच्या शॉकचा. खरंच हवा आहे का? माझं उत्तर अनेकांना आवडणार नाही. तुमच्या घरापर्यंत डांबरी किंवा मातीचा रस्ता असेल तर नको. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल घ्या. ती हलकी असते, स्वस्त असते, आणि मागच्या सांध्यांचे बेअरिंग पावसात गंजायची भानगड नाही. पायऱ्या आणि उघडा जांभा रोजचा असेल तरच फुल सस्पेन्शन. किंमत बघा ना! २०२३ मध्ये पुण्याच्या ईमोटोरॅड कंपनीने 'डेझर्ट ईगल' आणि 'नाइटहॉक' ही मॉडेल्स बाजारात आणली, ती पावणेपाच ते पाच लाखांच्या घरात. एवढ्या पैशात चार स्कूटर येतील. हौस म्हणून घेणाऱ्याने जरूर घ्यावी, पण बापाच्या आंब्याच्या पैशातून इन्स्टाग्रामसाठी घेऊ नये.

तिसरा प्रश्न पावसाचा. ब्रेकला मेटॅलिक पॅड घाला, साधे रेझिनचे पॅड ओल्या लाल मातीत भराभर झिजतात. धुताना प्रेशर पंपाचा फवारा बेअरिंगवर आणि मोटरवर मारू नका, बादली आणि फडकं पुरे. बॅटरी काढून घरात ठेवा, चुलीजवळ नको आणि ओल आलेल्या भिंतीशी नको. महिनाभर वापरणार नसाल तर पूर्ण चार्ज करून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा. चार्जिंगला पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे दोन वडापावच्या आत काम!

आणि एक इशारा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत मदत थांबवणारी पायडलवाली सायकल मोटर वाहनात मोडत नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. आपल्यातले काही हुशार इलेक्ट्रॉनिक्सवाले "लॉक तोडून देतो, चाळीसने पळेल" असं सांगत फिरतात. मित्रांनो, ज्या दिवशी ते लॉक तुटलं त्या दिवशी ती सायकल राहिली नाही. उद्या कोणाला धडकलात तर विनानोंदणी, विनाविमा गाडी चालवल्याचं निस्तरायला तो हुशार मित्र येणार नाही.

आता मुद्द्याचं. संगमेश्वरापासून देवरुख-साखरप्यापर्यंत आणि वर आंबा घाटाच्या पायथ्यापर्यंत अशा कितीतरी वाड्या आहेत जिथे शेवटची एसटी फाट्यावरच संपते. तिथे सेकंडहॅंड ई-सायकली आता दिसू लागल्या आहेत. विकणारा पुण्या-मुंबईत बसलेला. त्या बसवून कोण देणार? गावातला सायकलवाला पंक्चर उत्तम काढतो, पण एअर शॉकला हात लावायला तो घाबरतो, आणि त्यात त्याची चूक नाही. हे काम आपलं आहे! वर्कशॉपमध्ये एक शॉक पंप, एक टॉर्क रेंच, एक चेन गेज आणि एक वजनकाटा ठेवा. महिन्यातला एक रविवार, कोणीही सायकल घेऊन यावं, आपण वजन करून सॅग बसवून द्यायचा आणि आकडे कार्डावर लिहून द्यायचे. गॅदरिंगच्या डीजेला जेवढे पैसे जातात त्याच्या पाव हिश्श्यात हे सगळं बसतं. डीजे बंद करा असं मी म्हणत नाही (मार खायचा नाहीये!), पण विचार करा.

आत्येने सायकल विकली नाही. दादा पुन्हा तिच्यावरूनच जातो-येतो, पाखाडीच्या शेवटच्या दहा पायऱ्या मात्र पावसात उतरून ढकलतो. मी म्हटलं, आता तर ती तुझ्या वजनाची झाली. तो म्हणाला, "वजनाची झाली रे, पण शेवाळ अजून माझ्या ओळखीचं नाही."

परवा आजोबा ओट्यावर बसले होते. दादा आला, सायकल भिंतीला लावली. आजोबांनी सीट हाताने दाबून बघितली, शॉक खाली गेला आणि अलगद वर आला. पुन्हा एकदा दाबली. मग मला विचारलं, "माझ्या वजनाला किती हवा लागेल रं?"

बघा, पटतंय का!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी