देवाचा पूल आणि आपली विहीर

रुमानियाच्या मेहेदिंत्सी या डोंगरी जिल्ह्यात पोनोआरेले गावी 'देवाचा पूल' आहे. माणसानं बांधलेला नव्हे! पाण्यानं चुनखडी विरघळत गेली, गुहेचं छत ढासळलं, उरलेली कमान म्हणजे हा पूल. लांबी सुमारे ३० मीटर, उंची २२. वरून चक्क गाड्या जातात. लोक फोटो काढून परततात. मला विचाराल तर बघायचं ते पुलाखाली. चुनखडीत पाणी भेगांतून सरळ खाली उतरतं, मातीतल्यासारखं गाळून नाही. आपल्या कोरपना-राजुऱ्याकडंही चुनखडी आहेच. तरी फवारणीचा पंप विहिरीच्या काठावरच धुतला जातो, औषधाचे रिकामे डबेही तिथंच! सरपंच साहेब, विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणीला शेवटचा कधी धाडलात?