बेरीज जुळली होती

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातील गोष्ट. गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य देणाऱ्या एका लहानशा निधीचे हिशेब मी निवृत्तीनंतर पाहत असतो. त्या वर्षी ६२ अर्ज मंजूर झाले होते आणि त्यांची यादी मी एक्सेलमध्ये तयार केली होती. पहिल्या रकान्यात अनुक्रमांक, मग नाव, खाते क्रमांक, शाखेचा आयएफएससी आणि शेवटच्या रकान्यात मंजूर रक्कम. चिटणीसांचा दूरध्वनी आला, “आण्णा, मोठ्या रकमा वर आणि लहान खाली अशी यादी लावून द्याल का? उद्या सभेत वाचायला सोपी जाईल.”

मी रकमांच्या रकान्यावरील अक्षरावर टिचकी मारली, संपूर्ण रकाना निवडला गेला. क्रम लावण्याची आज्ञा देताच संगणकाने एक प्रश्न विचारला : शेजारीही मजकूर आहे, तोही निवडीत घ्यावयाचा, की आहे त्याच निवडीवर पुढे जावयाचे? मला तर रकमाच लावावयाच्या होत्या. मी दुसरा पर्याय स्वीकारला. यादी क्षणार्धात लागली. रकाना निवडलेला असला की पडद्याच्या तळाशी त्याची बेरीज दिसते. ती ठरावातील आकड्याशी रुपयास रुपया जुळली. फाईल सेव्ह केली, बंद केली आणि निश्चिंत मनाने जेवावयास बसलो.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवतात, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे नव्हे. एकाच्या खात्यातील रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडली तरी तेरीज जुळतेच. एम.कॉम. झालेल्या आणि ३६ वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला त्या रात्री याचा विसर पडला. रकमा वरखाली झाल्या, नावे आणि खाते क्रमांक मात्र आपापल्या जागी राहिले. एकूण आकडा तोच होता, आणि त्याखाली बहुतेक विद्यार्थ्यांच्या पुढे दुसऱ्याच कोणाची तरी रक्कम होती.

वाचलो तो जुन्या सवयीमुळे. बँकेत महत्त्वाची यादी बाहेर जाण्यापूर्वी एकाने मूळ कागद वाचायचा आणि दुसऱ्याने नोंदीवर खूण करायची, अशी पद्धत होती. घरी हे काम सौ. करते. तिने पहिला अर्ज उचलला. परिचारिकेचा अभ्यासक्रम करणारी मुलगी, परीक्षा शुल्क सहा हजार रुपये. पडद्यावर तिच्या नावापुढे ४८,००० होते. “अहो, तुमच्या चष्म्याचा नंबर बदलला की काय?” तिने विचारले. तिसऱ्या अर्जापर्यंत माझ्या तळहातांना घाम फुटला होता. अभियांत्रिकीच्या ज्या मुलाला ते ४८,००० वसतिगृहासाठी हवे होते, त्याच्यापुढे साडेपाच हजार. ही यादी सकाळी सभेत वाचली जाऊन बँकेत गेली असती, तर रकमा जमा होऊन गेल्या असत्या. आणि एकदा जमा झालेला पैसा एका गरजू मुलीकडून परत मागण्याची वेळ कोणावर आली असती, ते सांगावयास नको.

कंट्रोल आणि झेड ही कळ दाबली की झालेले कृत्य मागे घेता येते, हे आपण मागे पाहिले आहे. परंतु फाईल बंद केल्यावर ती सोय उरत नाही. ६२ अर्ज समोर ठेवून साऱ्या रकमा पुन्हा भराव्या लागल्या. रात्रीचा दीड वाजला.

म्हणून आज केवळ निवड आणि दुरुस्ती या दोनच गोष्टींविषयी. क्रम लावावयाचा असेल, तर रकाना निवडूच नये. ज्या रकान्यानुसार क्रम हवा, त्यातील एकाच चौकटीवर, म्हणजे सेलवर, टिचकी मारावी. मध्ये रिकामी ओळ किंवा रिकामा रकाना नसेल, तर एक्सेल सभोवतालची संपूर्ण यादी स्वतःच निवडते. खात्री हवी असल्यास कंट्रोल आणि ए दाबून निवड कोठवर पोहोचते ते डोळ्यांनी पाहावे. आणि वर सांगितलेला प्रश्न पडद्यावर आलाच, तर निवड विस्तारण्याचाच पर्याय घ्यावा. तो प्रश्न म्हणजे संगणकाची कटकट नव्हे, हे मला उशिरा कळले.

निवडीतील चूक केवळ आमच्यासारख्यांकडून होते असे नाही. हार्वर्डचे दोन नामवंत अर्थतज्ज्ञ, कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, यांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. जगभरच्या धोरणचर्चांत त्याचे दाखले दिले गेले. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील टॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ फाईल तपासली, तेव्हा सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ एवढ्याच ओळी निवडल्या गेल्याचे आढळले. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश गणतीतून सुटले होते. निबंधावरील आक्षेप याहून अधिक होते आणि त्यांतील काही याहून मोठेही होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ही चूक लेखकांनी मान्य केली.

आता दुरुस्ती. खातेवहीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसण्यास आम्हांला सक्त मनाई होती. एक रेघ मारून वर नवा आकडा लिहायचा आणि अधिकाऱ्याची आद्याक्षरी घ्यायची. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. सेलमध्ये तसे नाही. सेल निवडून थेट टंकन सुरू केले, की आतील जुना मजकूर मागमूस न ठेवता जातो, आणि तेथे सूत्र असेल तर तेही जाते. सूत्राच्या जागी साधा आकडा बसला, तरी दिसावयास काहीच फरक पडत नाही. पुढे वरच्या रकमा बदलल्या तरी तो आकडा जागचा हलत नाही. म्हणून एखाददुसरे अक्षरच बदलावयाचे असेल, तर एफ-२ ही कळ दाबावी किंवा सेलवर दोनदा टिचकी मारावी. म्हणजे मजकूर तसाच राहून आत फक्त लेखणी उतरते. त्यापूर्वी वरच्या सूत्रपट्टीकडे एक कटाक्ष टाकावा. सेलमध्ये खरोखर काय आहे ते तेथेच दिसते. मध्येच मन बदलले, तर एंटर न दाबता एस्केप दाबावे.

खाते क्रमांकांबाबत विशेष जपावे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच नेमके जपते. १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून टंकला, तर शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येते. सुरुवातीची शून्येही गळून पडतात. क्रमांक भरण्याआधीच तो रकाना निवडून त्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे. नंतर केल्याने गेलेला अंक परत येत नाही.

एका भगिनीने विचारले आहे, की त्यांच्या लॅपटॉपवर एफ-२ दाबल्यास आवाज किंवा उजेड कमी-जास्त होतो. बऱ्याच लॅपटॉपवर डाव्या कोपऱ्यातील एफएन ही कळ दाबून धरून मग एफ-२ दाबावे लागते.